उत्तमरावांनी मूग गिळले

केनवडच्या उत्तमराव बाजडांच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे गावात नव्यानं आलेल्या माणसाला कोणी सांगावं लागत नाही. उत्तमराव स्वतःच त्याचा पुरावा देतात. एसटीतून उतरलेल्या पाहुण्याला कोणाच्या घरी जायचं आहे, एवढं विचारायला म्हणून ते थांबतात आणि त्या घरी पोहोचेपर्यंत त्याच घरातलं भांडण, ठरत आलेलं लग्न आणि रात्रीच्या मालिकेचं आजवरचं कथानक त्याच्या कानात ओतून मोकळे होतात. माणूस मनाचा वाईट नाही. पोटात काही ठेवलं की त्यांचं पोट फुगतं, बाकी काही नाही.

त्यांच्या बायकोचं, जिजाबाईंचं, म्हणणं असं की हा आजार लग्नाआधीपासूनचा आहे. शेलूबाजारला त्यांच्या माहेरी उत्तमराव मुलगी पाहायला आले, पोहे झाले, चहा झाला. मुलाकडच्यांनी रिवाजाप्रमाणे तोंडं गंभीर ठेवली आणि घरी जाऊन निरोप पाठवतो म्हणून सगळे उठले. उत्तमराव दारात चप्पल घालता घालता होणाऱ्या सासऱ्यांना म्हणाले, "आमच्याकून हो हाये बरं का. बाबा चार दिवसांनी कळवणार हायेत, पण तुमी कायले जीवाले घोर लावून घेता?" उत्तमरावांच्या वडिलांनी तिथंच त्यांच्या दंडाला असा चिमटा काढला की नवरदेवाच्या हळदीतसुद्धा तो डाग निळा दिसत होता. मुलाकडच्यांचा सगळा रुबाब उंबरठ्यावरच गेला.

पुढं संसारातही तेच. दर दिवाळीला उत्तमराव रिसोडहून पिशवी घेऊन येत आणि ती जिजाबाईंच्या हातात देता देता सांगत, "हिरवी हाये, काठ लाल हायेत. पण तू उघडून पाह्य, तुले मजा वाटीन." जिजाबाईंनी आयुष्यात एकही पिशवी आत काय आहे ते माहीत नसताना उघडली नाही.

तरुणपणी जत्रेत तंबूतला सिनेमा येई, तेव्हा उत्तमराव पहिला खेळ पाहून बाहेर पडत आणि दुसऱ्या खेळाच्या रांगेजवळून जाताना खून कोणी केला ते सांगत. मुद्दाम नव्हे. रांगेतल्या लोकांना उन्हात उभं राहावं लागतंय, निदान तेवढी तरी सोय व्हावी, अशा भावनेनं. एकदा रांगेनं त्यांना चांगलं बदडलं होतं. त्यानंतर ते थोडं लांबून ओरडून सांगू लागले.

मग मोबाइल आला आणि उत्तमरावांना जे हवं होतं ते देवानं घरपोच दिलं. "केनवड कट्टा" नावाचा ग्रुप निघाला. संध्याकाळी मालिका सुरू झाली की उत्तमराव टीव्हीसमोर मांडी घालून बसत, एक डोळा पडद्यावर, एक मोबाइलवर, आणि उजव्या हाताच्या एका बोटानं सगळ्या गावाला हालहवाल कळवत.

"सासूनं दुधाचा गिलास हातात घेतला. मले लक्षण ठीक दिसत नाई."

"टाकलं! दुधात टाकलं! म्या कालच म्हणलं होतं."

"सून पेऊन राह्यली. अवं बाई, नोको पेऊ!"

"जाहिरात लागली. तवरोक म्हशीले पाणी पाजून घ्या."

गावात यावरून सरळ दोन तट होते. दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी संध्याकाळी मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधणाऱ्या बायकांना उत्तमराव म्हणजे मोठा आधार. हात चिखलात बरबटलेले, टीव्ही घरात आणि भाजीचा ढीग अंगणात. मग एखादी शाळकरी पोरगी मोबाइल घेऊन बसे, उत्तमरावांचं एकेक वाक्य मोठ्यानं वाचे आणि जुड्या भराभर पडत. पण ज्यांना मालिका दुसऱ्या दिवशी दुपारी निवांत पाहायची असे त्यांना उत्तमरावांचं नाव काढलं तरी मळमळे. शेजारचा गिरणीवाला लखीराम तर पार वैतागलेला. तो गिरणीत बसून मोबाइलवर क्रिकेट पाही आणि मोबाइलवरचा सामना टीव्हीच्या थोडा मागं चालतो. त्याच्या पडद्यावर गोलंदाज अजून पळतच असे आणि वरून उत्तमरावांचा निरोप टपके, "गेला रे गेला!" लखीराम गिरणीचा पट्टा तसाच सोडून अंगणात येई आणि भिंतीवरून ओरडे, "उत्तम्या, तुह्या त्या बोटाले एक दिवस गिरणीत घालतो पाह्य!"

सगळ्यांत मोठं नुकसान मात्र जिजाबाईंचं, आणि त्यांनी कधी कोणाकडे तक्रार केली नाही. मालिकेची वेळ तीच भाकरीची वेळ. चूल भिंतीमागं, टीव्ही भिंतीपुढं. भिंतीपलीकडून उत्तमराव त्यांनाही बातम्या देत, "जिजे, सुनेनं घर सोडलं वं!" जिजाबाई पिठाचा हात पुसत बाहेर येईपर्यंत जाहिरात लागलेली असे आणि उत्तमराव म्हणत, "आता काय पाह्यतं? झालं सारं." इतक्या वर्षांत त्यांनी एकही मालिका पाहिली नव्हती, ऐकल्या मात्र सगळ्या. त्यांच्या पोरीच्या, तनुजाच्या, पाचवीच्या गॅदरिंगमधला नाचसुद्धा त्यांनी उत्तमरावांकडून ऐकला होता, कारण शाळेतल्या पाहुण्यांचा स्वयंपाक त्यांच्याकडे आला होता.

ही तनुजा आता वाशीमला राहते. स्पर्धा परीक्षेच्या क्लासला येणाऱ्या पोरांना डबे पुरवते. हाताला आईची चव, जिभेला थोडी बापाची धार. तिनं सोले-वांग्याची भाजी करतानाचा व्हिडिओ सहज म्हणून एका चॅनलच्या स्वयंपाकाच्या स्पर्धेला पाठवला, आणि मुंबईहून बोलावणं आलं. सोबत एकच माणूस आणायचा होता.

जिजाबाईंनी पेटीतलं जरीचं लुगडं काढून उन्हात टाकलं. तेवढ्यात तनुजाचा फोन आला की ती बाबांना नेणार आहे.

"आई, वांग्याले पाणी कोण देईन? बाबाले जमते का? मागच्या खेपेले मेथी सडवली त्याईनं."

बोलणं खरं होतं. खोटं असतं तर भांडता आलं असतं. जिजाबाईंनी लुगडं घडी करून पुन्हा पेटीत ठेवलं आणि सोले सोलायला बसल्या. तुरीचे ते हिरवे दाणे पोरीला मुंबईत ताजे मिळणार नाहीत म्हणून त्यांनी डबाभर सोलून दिले. पण मनाला लागायचं ते लागलंच. सोल्याची भाजी पोरीला कोणी शिकवली? मसाल्याचा अंदाज कोणी दिला? आणि मुंबईला कोण चाललं, तर ज्याला हिंग आणि हळद ओळखता येत नाही तो माणूस!

उत्तमराव रिसोडवरून ट्रॅव्हल्सनं गेले तेव्हा गाव त्यांना सोडायला आलं. गावाला खात्री होती की निकाल टीव्हीवर लागायच्या आधी महिनाभर "केनवड कट्ट्या"वर लागणार. लखीरामनं तर जाहीर केलं, "पोट्टीनं हातातली कढई खाली ठेवली बी नसन, तवाच आपल्याले समजते."

मुंबईहून एकही निरोप आला नाही.

उत्तमराव परत आले, उतरले आणि चौकात जमलेल्या लोकांसमोर हात जोडून म्हणाले, "टीवीवर दाखवायच्या आधी एक शब्द बी बाहेर गेला, तं ते लोक तनूचं सारं काम कापून टाकतीन. तिले दाखवनारच नाईत. आमच्याकून तसं कबूल करून घेतलं हाये. म्हणून मले कोनी काही पुसू नका." एवढं बोलून ते घरी गेले आणि त्यांनी मूग गिळले.

नुसते निकालाबद्दल नव्हे, सगळ्याबद्दलच. मालिका सुरू झाली, सासूनं पुन्हा काहीतरी कालवलं, पण ग्रुपवर चिटपाखरू फडफडलं नाही. अंगणात बायका जुड्या हातात धरून बसल्या. त्यांच्या हातांना लयच सापडेना. उत्तमरावांना थोडं बोलून थांबता येत नाही, हे ते स्वतः जाणून होते. तोंड एकदा उघडलं की सासूवरून दूध, दुधावरून चूल, चुलीवरून मुंबई, एवढं अंतर ते एका दमात कापत. तेव्हा तोंड बंदच बरं. चेहऱ्यावरून कोणी काही ओळखू नये म्हणून ते दिवसभर नाकातोंडावरून दुपट्टा बांधून हिंडू लागले आणि कोणी विचारलं तर धूळ फार आहे म्हणून हातानं दाखवू लागले.

माणूस बोलत नाही म्हटल्यावर गावानं त्याला वाचायला घेतलं. त्यानं दाढी केली, म्हणजे जिंकली. दाढी अर्धवट केली, म्हणजे दुःखात आहे. रिसोडच्या बाजारात तो वांग्याच्या ढिगामागं मुका बसून राहिला, त्याची वांगी तशीच परत आली, म्हणजे हरली. देवळात गेला, म्हणजे नवस फेडायला. नारळ न घेता गेला, म्हणजे नवस फळला नाही. लखीरामनं गिरणीच्या दारात खुर्ची हलवून अशी ठेवली की उत्तमरावांचं अंगण सरळ समोर यावं. क्रिकेटकडे त्याचं लक्षच उडालं होतं.

जिजाबाईंनी आपल्या परीनं प्रयत्न केला. पहिल्या आठवड्यात त्या रुसून होत्या, पण रुसण्यापेक्षा कळण्याची हौस मोठी ठरली. त्यांनी एका संध्याकाळी बेसनाच्या पातोड्यांचा रस्सा केला. त्या रश्श्यासाठी उत्तमराव सासुरवाडीलाही चालत गेले असते. ताट वाढून जिजाबाई पदरानं वारा घालत बसल्या.

"मुंबईले गर्मी लय होती म्हन्तात."

उत्तमरावांनी मान डोलावली.

"अन् तनू तथी जेवली का बरूबर?"

मान डोलली.

"अन् बक्षीस घेतानी साडी कोनती नेसली होती वो तिनं?"

उत्तमरावांचा घास हातातच राहिला. त्यांनी जिजाबाईंकडे पाहिलं, मग ताटाकडे पाहिलं आणि दोन सबंध पातोड्या एकदम तोंडात कोंबल्या. डोळ्यांतून पाणी आलं, कानशिलं लाल झाली, पण दोन्ही गालांत पातोडी असल्यामुळं शब्दाला बाहेर यायला वाटच नव्हती. जेवण आटोपून ते हात धुवायला गेले ते बराच वेळ परत आले नाहीत.

त्या दिवसापासून जिजाबाईंच्या मनात भलतंच येऊ लागलं. या माणसानं आयुष्यात चांगली बातमी तासभरही दाबून ठेवली नव्हती. तनू दहावी पास झाली तेव्हा तर तिला स्वतःला कळायच्या आधी हा पोस्टमनला पेढा देऊन आला होता. मग आता हा गप्प का? कारण बातमी वाईट असणार. पोरगी हरली. नुसती हरली नाही, काहीतरी फजिती झाली. भाजी करपली असेल, लोक हसले असतील, पोरगी एकटी रडली असेल, आणि आपण तिथं नव्हतो. वांग्याच्या ओळीत वाकल्या वाकल्या त्यांना रडू फुटलं. शेजारच्या वावरात लखीरामची बायको रुख्मिणी मिरच्या तोडत होती. ती धावत आली. जिजाबाईंनी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून मनातलं सगळं सांगितलं. रुख्मिणीनं ते फक्त लखीरामला सांगितलं, आणि लखीरामच्या गिरणीवर तर सगळं गाव दळण घेऊन येतं.

संध्याकाळी जिजाबाई घरी आल्या. चूल पेटवायचं त्राण नव्हतं, म्हणून ओट्यावर नुसत्या बसून राहिल्या. उत्तमराव खांबाला टेकून बसलेले. एवढ्यात अंगणात माणसं येऊ लागली. पुढं रुख्मिणी, डोक्यावर पदर, हातात फडक्यानं झाकलेलं ताट. मागं लखीराम, टोपी काढून हातात घेतलेली. त्यांच्या मागं आळीतले आणखी चौघं-पाचजण. पुरुष एका बाजूला उकिडवे बसले, बायका दुसऱ्या बाजूला. लखीरामनं एक सुस्कारा टाकला. रुख्मिणीनं ताट उत्तमरावांच्या पुढ्यात ठेवून फडकं काढलं. पिठलं आणि भाकर.

जिजाबाईंना कळायला थोडा वेळ लागला. घरात माणूस गेलं की चूल पेटत नाही, मग शेजारी पिठलं-भाकर घेऊन येतात. त्याला कडू घास म्हणतात. गावानं तनुजाच्या निकालाचा कडू घास आणला होता.

"खा भाऊ," रुख्मिणी हळू आवाजात म्हणाली. "जे झालं ते झालं. पोटाले काही पाह्यजे का नाई?"

"पोट्टी धडधाकट हाये ना, मंग बस झालं," लखीराम म्हणाला. आणि मग, आवाज अगदी सहज ठेवून, "म्हंजे पयलीच फोडनी करपली होती, का शेवटी गडबड झाली?"

उत्तमराव ताटाकडे पाहत राहिले. सगळं अंगण त्यांच्या हाताकडे पाहत होतं. बिचाऱ्यांची चांगलीच कोंडी झाली होती. घास खाल्ला तर पोरगी हरली असा अर्थ. ताट सारलं तर जिंकली असा अर्थ. आणि अर्थ कोणताही निघो, तो ग्रुपवर जायला कितीसा वेळ! तिथून चॅनलच्या कानावर गेला की पोरीचं काम कापलंच. त्यांचा हात भाकरीकडे गेला, परत आला, पुन्हा गेला. दुपट्ट्याच्या वर दोन डोळे दिसत होते आणि ते भरून आले होते.

जिजाबाईंनी ते डोळे पाहिले. इतके दिवस त्या त्या डोळ्यांत बातमी शोधत होत्या, चांगली की वाईट. आता त्यांना दिसलं की बातमी राहिली बाजूला, हा माणूस नुसत्या धरून ठेवण्यानंच अर्धा झाला आहे. ज्यानं स्वतःच्या लग्नाचा होकार चप्पल घालताना सांगून टाकला, तो पोरीसाठी इतके दिवस तोंडाला फडकं बांधून बसला आहे. जिजाबाईंना त्याची कीव आली, आणि कीव येता येता मायाही आली, खूप दिवसांनी.

त्या उठल्या, ताट स्वतःकडे ओढलं आणि भाकरीचा मोठा तुकडा मोडून पिठल्यात बुडवला.

"अवं, तुले नाई, त्याईले आनलं!" रुख्मिणी म्हणाली.

"मले भूक लागली. सकाळपासून वावरात होती मी." जिजाबाई घास चावत म्हणाल्या. "पिठलं झ्याक झालं. मीठ जरा कमी हाये."

लखीराम पुढं सरकला. "पन वयनी, तुमाले तं काही माईतच नाई ना?"

"नाई. म्हनूनच तं खाऊन राह्यली."

जिला काही माहीत नाही तिनं घास खाल्ला, त्यातून लखीरामसारख्यालाही काही अर्थ काढता येईना. मंडळी थोडा वेळ बसली, टोप्या घातल्या आणि गेली. रुख्मिणी ताट न्यायला थांबली, तेव्हा जिजाबाईंनी ते पुसून दिलं आणि वर चार वांगी ठेवली.

अंगण रिकामं झाल्यावर उत्तमरावांनी दुपट्टा खाली ओढला. "जिजे," ते म्हणाले, "तुले सांगू का..."

"गप बसा!" जिजाबाई कडाडल्या. "एक वाक्य बोलसान, दुसरं बोलसान अन् तिसऱ्यात सारं ओकसान. मले नाई ऐकाचं."

उत्तमरावांनी तोंड मिटलं. त्यांचा जीव भांड्यात पडला.

त्या दिवसापासून जिजाबाईंनी पहारा हातात घेतला. कालपर्यंतची हेर आज कोतवाल झाली. उत्तमराव चौकात निघाले की त्या बरोबर. कोणी विचारलं, की उत्तर त्या देत, आणि उत्तर एकच, "मले माईत नाई, अन् ह्याईले बोलता येत नाई." रिसोडच्या बाजारातही त्या गेल्या. नवऱ्याला ढिगामागं बसवून वांगी, टमाटे त्यांनी स्वतः ओरडून विकले. त्यांचा आवाज इतका लागला की शेजारच्या बागवानानं आपली टोपली सरकवून घेतली. रात्री मालिकेच्या वेळी टीव्ही बंद राही. भाकरी टाकताना भिंतीपलीकडून आवाज येत नाही, हे जिजाबाईंना पहिले काही दिवस बरं वाटलं. मग घर फार मोठं वाटू लागलं.

शेवटी टीव्हीवर स्पर्धा दाखवायचा तो रविवार उजाडला. तनुजाचा फोन आला, डबे बंद ठेवता येत नाहीत, ती वाशीमलाच पोरांबरोबर पाहणार. संध्याकाळी बाजडांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीत पोरं, दारात पोरं, लखीराम मोबाइल खिशात घालून आलेला, कारण आज त्याला एक क्षणही मागं राहायचं नव्हतं. जिजाबाई सवयीनं भिंतीमागं निघाल्या. परातीत पीठ काढून ठेवलं होतं.

उत्तमराव आडवे आले. त्यांनी टीव्हीसमोरची खुर्ची ओढली आणि बायकोला दंडाला धरून तीवर बसवलं.

"तू बस. आज भाकरी मी टाकतो."

खोलीत असा गोंधळ झाला की सुरुवातीचं संगीत कोणाला ऐकू गेलं नाही. "तुमी?" जिजाबाई म्हणाल्या. "पानी किती लागते ते तरी माईत हाये का?" पण उत्तमराव भिंतीमागं गेलेसुद्धा. परात आपटल्याचा आवाज आला.

मग पडद्यावर तनुजा आली. निळा ॲप्रन, केसांचा घट्ट अंबाडा. जिजाबाई खुर्चीच्या टोकावर सरकल्या. पोरीनं वांगी चिरली, लगेच पाण्यात टाकली. जिजाबाईंची मान हलली. पोरीनं सोले हातात घेऊन मुठीनं मापले, चमच्यानं नाही. "माहा हात हाये तो," जिजाबाई कोणालाच उद्देशून नाही, अशा म्हणाल्या. खोबरं भाजताना पोरीनं वास घेतला आणि क्षणभर डोळे मिटले, तेव्हा जिजाबाईंनीही मिटले. भाजी करपली नाही. लोक हसले नाहीत. फजिती झालीच नव्हती. इतके दिवस उराशी धरलेलं ओझं जाहिरात लागायच्या आधीच उतरलं.

सूत्रसंचालक बाईंनी तनुजाला विचारलं, "आईकडून शिकलीस म्हणतेस, मग आईलाच का नाही आणलंस?"

तनुजानं झारा खाली ठेवला. "बोलावन्यातच लिवलं होतं, अथी सोबतच्या मानसाले मागच्या खोलीत बसवतात, इशारे करू नये म्हनून. त्याले काहीच दिसत नाई. मायी आई सारा जन्म भिंतीमागंच बसली. बाहेर काय झालं ते तिले बाबा सांगतात, अन् ते बी आधीच. आईले आनलं असतं, तं ती अथी येऊन बी पुन्हा भिंतीमागंच बसली असती." ती हसली. "म्हनून आज भिंतीमागं बाबाले बसवलं. त्याईले सांगतलं हाये, चॅनलसाठी गावाले सांगू नका, अन् मायासाठी आईले सांगू नका. हे एक आई सोताच्या डोळ्यानं पाहीन."

घरातल्या सगळ्यांच्या माना भिंतीकडे वळल्या. भिंतीमागून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, अडखळत, ढोबळ. जिजाबाईंनी मात्र मान वळवली नाही. त्यांना आता पडद्यावरची नजर काढायची नव्हती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या, पुसण्यात काही निसटलं तर काय, म्हणून.

तनुजा दुसरी आली. पहिली आली ती कोकणातली कोणी एक बाई. तनुजानं तिला मिठी मारली आणि कॅमेऱ्याकडे पाहून हात जोडले.

मग जी आरडाओरड झाली तिला सीमा नव्हती. "म्या म्हणलं नव्हतं का, जिंकली नाई म्हनून!" लखीराम ओरडला. "दुसरी म्हंजे काय हरली का?" रुख्मिणीनं त्याला झापलं, "सगळ्या महाराष्ट्रातून दुसरी!" ज्यांनी जिंकली म्हणून सांगितलं होतं तेही खरे ठरले आणि ज्यांनी कडू घास आणला होता तेही. असा निकाल गावाला फार आवडतो.

"उत्तम्या, आता तं बोल!" कोणीतरी हाक मारली. "ग्रुप वाट पाहून राह्यला तुही!"

उत्तमराव बाहेर आले. कोपरापर्यंत पीठ, कपाळावर पीठ. त्यांनी मोबाइलकडे पाहिलंसुद्धा नाही. ते जिजाबाईंच्या खुर्चीपाशी आले आणि विचारलं, "मंग? काय काय दाखवलं?"

"तुमाले माईत नाई?"

"दुसरी आली एवढंच माईत हाये. ते दार उघडून सांगतलं त्याईनं. बाकी त्या खोलीत काहीच दिसत नव्हतं. नुसते आवाज येत."

"मंग आज पाह्याचं सोडून आत काहून गेले?"

उत्तमरावांनी हातांवरचं पीठ पाहिलं. "तुह्याजवळ बसलो असतो, तं एखाद्या टायमाले तोंडातून निघालंच असतं, 'आता पाह्य' म्हनून."

जिजाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "मी नाई सांगत," त्या म्हणाल्या. "उद्या दुपारी परत लागते. तवा पाह्यजा, सोताच्या डोळ्यानं."

उत्तमरावांचा चेहरा इतका पडला की रुख्मिणीसुद्धा हळहळली. तेव्हा जिजाबाईंनी पाय थोडे बाजूला घेतले आणि खुर्चीपुढची जमीन दाखवली.

"बसा. पयल्यांदा तिनं वांगे चिरले. अन् चिरले तसे पान्यात टाकले."

"बाप्पा! मंग?"

"मंग सोले घेतले, मुठीनं मापून. मायासारखे."

"मंग?"

भिंतीमागून भाकर करपल्याचा वास येऊ लागला होता. रुख्मिणी उठून तवा उतरवायला गेली. जिजाबाई सांगत राहिल्या, पहिल्यापासून, एकही गोष्ट न गाळता, आणि उत्तमरावांनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही.